आयत्या ताटाचा हिशेब

२०२५ सालच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर रोजी, घरपोच सेवा करणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी देशभर संपाची हाक दिली होती. त्यांच्या मागण्या काही आकाशातले चंद्र-तारे मागणाऱ्या नव्हत्या. दर फेरीला पोट भरेल एवढा मोबदला द्या, कारण न सांगता काम तोडू नका, अपघात झाला तर वाऱ्यावर सोडू नका आणि दहा मिनिटांत माल पोचवण्याची जीवघेणी शर्यत थांबवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. संपाचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही. दुसऱ्याच दिवशी एका बड्या कंपनीच्या वतीने, आदल्या रात्री आपण विक्रमी वेगाने ऑर्डरी पोचवल्या, असे मोठ्या अभिमानाने जाहीर करण्यात आले. कंपनीने अभिमान बाळगावा, तो तिचा धंदा आहे. परंतु तो विक्रम घडवला कोणी? संपाची बातमी सकाळी चहाबरोबर वाचून, हळहळून, रात्री नववर्षाच्या स्वागतासाठी बिर्याणी मागवणाऱ्या आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने!

बाहेरून जेवण मागवण्यासारख्या घरगुती गोष्टीवर पहिल्या पानावर अग्रलेख कशाला, असे काही वाचक विचारतील. देशापुढे याहून मोठे प्रश्न नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळात मुंबईच्या कोणत्याही उपनगरातील कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. लाल, नारिंगी सदरे घातलेली, पाठीवर चौकोनी पेटी बांधलेली तरुण मुले दुचाकीवरून धावताना दिसतात, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या पाठीवर कोणाचे तरी रात्रीचे जेवण असते. शहराचे जेवण ज्या मार्गाने त्याच्या ताटात येते तो मार्ग दहा वर्षांत मुळापासून बदलला असेल, तर ती घरगुती गोष्ट राहत नाही. तो शहराच्या अर्थव्यवहाराचा आणि, आम्ही तर म्हणू, शहराच्या नीतीचा प्रश्न होतो.

प्रथमच एक गैरसमज दूर करू. घरी चूल असताना बाहेरचे अन्न मागवणे म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास, असा सूर आमच्यातील काही वडीलधारी मंडळी लावतात. त्या सुरात आम्ही सूर मिळवणार नाही. ही तक्रार करणाऱ्यांपैकी किती पुरुषांनी आयुष्यात एक दिवस तरी कणीक भिजवली आहे, हा प्रश्न विचारला की तक्रारीतील हवा निघून जाते. बोरिवलीहून किंवा डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जाणारी स्त्री गाडीच्या गर्दीत चेंगरून रात्री आठला घरी येते. तिने त्यानंतर ओट्यापाशी उभे राहिलेच पाहिजे, असे कोणत्याही धर्मशास्त्रात सांगितलेले असले तर ते शास्त्र बदललेले बरे. एकटे राहणारे वृद्ध, आजारी माणसे, परगावाहून शिकायला आलेली मुले यांना तर दारात येणारे गरम जेवण हे वरदानच आहे. सोय ही पापाची गोष्ट नव्हे. सोयीचा दाम कोण भरतो, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.

वस्तुतः शिजवलेले अन्न एकाने वाहून दुसऱ्याच्या तोंडी पोचवणे ही कला मुंबईला कोणी परक्याने शिकवायची गरज नव्हती. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मावळखोऱ्यातील माणसे हाताशी धरून डब्यांची ने-आण सुरू केली. १९५६ साली या डबेवाल्यांचा विश्वस्त निधी रीतसर नोंदला गेला. डोक्यावरच्या त्या लाकडी खाचेत चाळीस-चाळीस डबे घेऊन लोकल गाडीत चढणाऱ्या या माणसांच्या अचूकपणाचे कौतुक साऱ्या जगाने केले. परंतु त्यांच्या व्यवस्थेतील खरी कौतुकाची गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली. तेथे मालक आणि नोकर असा भेद नव्हता. टोळीतील माणसे मिळकत आपसांत सारखी वाटून घेत. वाहणारा हा स्वतःच्या धंद्याचा धनी होता.

आणि गिरणगावातील खानावळी! घाटावरून व कोकणातून एकटे आलेल्या हजारो गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या त्या बायकांनी दहा बाय दहाच्या खोलीत जो संसार उभा केला, त्याचा इतिहास अद्याप नीट लिहिला गेलेला नाही. कामगाराचा पगार महिन्याच्या शेवटी होई. तोपर्यंत वाण्याकडून उधारीवर धान्य उचलायचे, त्यावर सावकारी व्याज भरायचे आणि राबराब राबून महिनाअखेर हाती काही उरलेच तर नशीब, अशी त्यांची गत होती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडून दिले, तेव्हा वाण्याची मिठी सुटली. हात भाजायचे एकाचे आणि फळ घ्यायचे दुसऱ्याने, ही रीत मोडता येते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच बसल्या, जेवणारे गावी गेले आणि बहुतेक खानावळींच्या चुली विझल्या, हे खरे. पण तो धडा काही विझला नाही. आज त्याची आठवण करून देण्याचे कारण असे, की ती मिठी दुसऱ्या रूपाने परत आली आहे.

नाक्यावरच्या उडुप्याकडून पार्सल मागवण्याची आमची जुनी पद्धत आठवून पाहा. गल्ल्यावर बसलेल्या शेट्टींना घरून फोन जायचा. आवाज ऐकताच पलीकडून नाव घेतले जायचे. 'दोन मसाला, एक मेदूवडा, सांबार जास्त' हे सांगावेही लागत नसे. पोऱ्या सायकलवरून पार्सल आणून द्यायचा, सुटे पैसे नसले तर 'राहू द्या, उद्या द्या' म्हणायचा, आणि तो उद्या खरोखरच यायचा. घरात आजारी माणूस आहे हे कळले तर भात मऊ करून पाठवणारे खानावळवाले आमच्या पाहण्यात आहेत. दादर-माटुंग्यापासून ठाणे-मुलुंडपर्यंत अशी उपाहारगृहे नि पोळी-भाजी केंद्रे वस्तीच्या ओळखीवर उभी राहिली. १९१० साली सुरू झालेले दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह काय किंवा माटुंग्याला १९४२ पासून केळीच्या पानावर जेवू घालणारे रामा नायक यांचे बोर्डिंग काय, त्यांना नाव मिळाले ते जाहिरातीने नव्हे. गिऱ्हाईक आणि मालक एकमेकांची तोंडे ओळखत होते, हे त्यांचे भांडवल.

या ओळखीच्या मध्ये दूरध्वनीच्या पडद्यावरील दुकान येऊन बसले. दिल्लीत २००८ साली उपाहारगृहांच्या खाद्यपदार्थांच्या याद्या प्रसिद्ध करण्यापासून जिचा आरंभ झाला ती कंपनी पुढे 'झोमॅटो' झाली. २०१४ साली बंगळूरला 'स्विगी' निघाली. आरंभी त्यांनी गिऱ्हाइकाला भरमसाट सवलती दिल्या आणि मालकाला नवी गिऱ्हाइके. दोघेही खूष होते. मग २०२० चा मार्च उजाडला. टाळेबंदीत उपाहारगृहांची बाके उलटी करून ठेवण्यात आली. महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०२० पर्यंत आत बसून जेवण्यास परवानगीच नव्हती, विक्री करायची ती केवळ पार्सलाने किंवा घरपोच. ज्यांनी तोवर या कंपन्यांना दाराबाहेर ठेवले होते त्या लहान मालकांनीही निमूटपणे आपली नावे त्यांच्या यादीत घातली. बुडत्याने काडीचा आधार घ्यावा त्यातला तो प्रकार होता. साथ ओसरली, पण काडी धरणाऱ्याचा हात मोकळा झाला नाही.

आता थोडा हिशेब मांडू. वाचकांनी कंटाळू नये, हा त्यांच्याच ताटाचा हिशेब आहे. थाळीची किंमत २०० रुपये धरू. कंपनीची दलाली सर्वांना सारखी नसते. शेकडा २० ते २५, काहींना त्याहूनही अधिक पडते, असे मालक सांगतात. आपण २५ धरली तर ५० रुपये गेले. या दलालीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी ९ रुपये. पाच टक्के कराच्या व्यवस्थेतील उपाहारगृहाला या ९ रुपयांची वजावट कोठेही मिळत नाही. डबा, पिशवी, चमचा यांचे १० रुपये धरा. उरले १३१. त्यात 'अमुक टक्के सूट' म्हणून आपल्याला जी मेजवानी मिळते तिच्यातला मालकाचा वाटा आणि यादीत वर दिसण्यासाठी भरलेली जाहिरातीची रक्कम अजून धरलेली नाही. या १३१ रुपयांतून तांदूळ, तेल, गॅस, जागेचे भाडे, आचारी आणि भांडी घासणारा, एवढ्यांना भागवायचे आहे. मालक मग काय करतो? पडद्यावरच्या यादीत तो त्याच थाळीची किंमत वाढवतो, किंवा वाटीतली भाजी कमी करतो. पहिल्याने आपला खिसा हलका होतो, दुसऱ्याने पोट. वर घरपोच सेवेचे शुल्क, व्यासपीठाचे शुल्क आणि पाऊस पडला तर पावसाचेही शुल्क! फुकट सोय म्हणून जिचा बोलबाला झाला तिची किंमत सगळेच भरत आहेत, आणि सगळ्यांना वाटते आहे की ती दुसराच कोणी भरतो.

पैशाची तक्रार एक वेळ बाजूला ठेवता येईल. दलाली ही काही आजची नाही. आमच्या शेतकऱ्याने बाजार समितीत अडत्याला अडत पिढ्यान् पिढ्या भरली. ती अन्यायाची आहे हे पटायला सरकारला फार वर्षे लागली, आणि २०१६ साली फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय झाला. पण त्या अडत्याच्या दारात निदान लिलाव उघड्यावर होत होता. आपला माल कोणी घेतला हे शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत होते. हा नवा अडत्या गिऱ्हाइकाचे तोंडच झाकून ठेवतो. कोणत्या घराने आठवड्यातून तीनदा आपली भाजी मागवली, कोणी अचानक मागवणे बंद केले, हे खानावळीच्या मालकाला कळत नाही. कंपनीला मात्र कळते. ज्याने स्वयंपाक केला त्याला जेवणारा कोण हे ठाऊक नाही, आणि ज्याने पळीही हाती धरली नाही त्याच्यापाशी साऱ्या शहराच्या जिभेची नोंदवही आहे! उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे जी तक्रार केली तीत दलालीबरोबर हेही गाऱ्हाणे होते. आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. चौकशीचे निष्कर्ष कंपन्यांच्या विरुद्ध गेल्याची वृत्ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान खानावळवाल्याला एवढी वर्षे कळ काढता येत नाही, ही त्यातली मेख आहे.

ओळख तुटली की नावाला अर्थ राहत नाही. पुण्यात रोलच्या दुकानापासून सुरू झालेल्या 'फासोस'च्या चालकांनी पुढे गिऱ्हाइकांना बसण्याची जागाच काढून टाकली आणि एकाच स्वयंपाकघरातून अनेक नावांनी विक्री सुरू केली. बिर्याणी 'बेहरूझ'ची, पिझ्झा 'ओव्हन स्टोरी'चा, पण भटारखाना एकच. यात बेकायदा काही नाही, स्वयंपाक वाईटच असतो असेही नाही. तरीही आपण चार दुकानांतून निवड करीत आहोत या समजुतीत असलेला माणूस एकाच खिडकीसमोर चारदा उभा राहत असेल, तर त्याला ते समजलेले बरे. बिलावर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक छापणे बंधनकारक आहे. तो ताडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले तर बरीच करमणूक होईल.

आता वाहणाऱ्याकडे येऊ. कंपन्या त्याला 'पार्टनर' म्हणतात. आम्ही एके काळी मुलांना शब्द आणि अर्थ शिकवले आहेत, म्हणून विचारतो: ज्याला नफ्यात वाटा नाही, ज्याच्या मजुरीचा दर रोज दुसरा कोणी ठरवतो, आणि ज्याला भागीदारीतून काढताना तोंड दाखवावे लागत नाही, तो भागीदार कोणत्या कोशात बसतो? गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, पावसात घसरून मोडणारे हाडही त्याचेच. कामगार म्हटले तर कायदा लागू होतो, म्हणून भागीदार म्हणायचे, ही युक्ती न कळण्याइतके कोणी भोळे नाही. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात अशी तुटक कामे करणारे ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. हा काही हौसेने चार तास गाडी फिरवणाऱ्या विद्यार्थ्यांचा समुदाय नव्हे.

२०२० साली संमत झालेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तिच्यात तरतूद आहे. राजस्थानने तत्पूर्वीच, २०२३ मध्ये, अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात काम तोडण्यापूर्वी कारणासह १४ दिवसांची नोटीस देण्याचे बंधन घातले. हे वाचून आम्हांला आनंद होतो आणि खेदही. कारण हा मार्ग ज्याने देशाला दाखवला ते राज्य महाराष्ट्र होते. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. आज या मालकाचे पोते, उद्या त्या मालकाचे, अशा हमालांना एक मालक नाही म्हणून कायद्याचे संरक्षणही नव्हते. अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या लढ्यातून मंडळे निघाली. हमालांची नोंद झाली. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरायची, मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी द्यायचे, अशी रीत पडली. पाठीवरची पेटी आणि पाठीवरचे पोते यांत कायद्याच्या दृष्टीने फरक तो काय? ज्या राज्याने हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवले, त्याच्या आधी राजस्थानने पहिला मान पटकवावा, हे आमच्या विधिमंडळाला भूषणावह नाही.

नगरपालिकाही या बाबतीत हात बांधून बसलेल्या नसतात. न्यूयॉर्क शहराने २०२० च्या साथीत घरपोच सेवेच्या दलालीवर १५ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि २०२३ पासून पेटी वाहणाऱ्यांना किमान मोबदला ठरवून दिला. भांडवलशाहीची राजधानी म्हणवणाऱ्या शहराला हे करताना आपले तत्त्वज्ञान बुडाल्यासारखे वाटले नाही. मग मुंबईत दलालीच्या मर्यादेची नुसती भाषा काढली तरी 'उद्योग पळून जातील' म्हणून ओरड का व्हावी? उद्योग कोठे पळणार? भूक मुंबईत आहे, भटारखाने मुंबईत आहेत. आमची मागणी साधी आहे. माथाडी मंडळाच्या धर्तीवर मंडळ व्हावे, दलालीचा आकडा बिलावर छापला जावा, आणि गिऱ्हाइकाची संमती असेल तर त्याचे नाव व पत्ता उपाहारगृहाला मिळालाच पाहिजे, असा नियम व्हावा. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि कंपन्यांना सर्वांत जास्त झोंबणारी आहे, म्हणूनच आम्ही तिचा आग्रह धरतो.

सरकारवर सगळे सोपवून मोकळे होण्याची आमच्या वर्गाला सवय आहे. म्हणून हेही सांगितले पाहिजे की, घरापासून दोनशे पावलांवरच्या खानावळीतील पोळी-भाजी मागवण्यासाठी गुरुग्रामच्या किंवा बंगळूरच्या कंपनीची मध्यस्थी लागत नाही. बहुतेक उपाहारगृहांच्या पाटीवर दूरध्वनीचा क्रमांक आजही लिहिलेला आहे. फोन करावा, नाही तर संध्याकाळी फिरायला जातो त्या पावली घरचा डबा घेऊन जावा. डोसा प्लॅस्टिकच्या पेटीत अर्धा तास घामेजला की त्याचे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला दुसरी सबब द्यावी लागणार नाही, आणि २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीचे थोडेसे पालनही अनायासे होईल. पायांत बळ नाही, रात्र झाली आहे, दुकान दूर आहे, अशा वेळी खुशाल पडद्यावरून मागवावे. कोणी हिणवणार नाही.

आणि एक गोष्ट आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी. शहरातील कित्येक इमारतींच्या प्रवेशदारी 'डिलिव्हरी बॉयने लिफ्ट वापरू नये' अशा पाट्या आहेत. नवव्या मजल्यावर गरम आमटी हवी, ती दहा मिनिटांत हवी, आणि आणणाऱ्याने जिने चढावेत! ज्याच्या हातचे अन्न चालते त्याच्याबरोबर चौकोनी पिंजऱ्यात अर्धा मिनिट उभे राहणे मात्र चालत नाही. या मागची भावना कोणती हे महाराष्ट्राच्या इतिहासाची पाने उलटलेल्या वाचकांना आम्ही सांगायला नको, तिला आमच्या समाजसुधारकांनी एक जुने नाव देऊन ठेवलेले आहे. ती पाटी काढण्यासाठी ना स्पर्धा आयोगाच्या निकालाची वाट पाहावी लागत, ना विधिमंडळाच्या अधिवेशनाची. संस्थेच्या कार्यकारिणीच्या येत्या सभेत चिटणिसांनी तो विषय घ्यावा, आणि ठराव मंजूर झाल्याबरोबर पहारेकऱ्याला तसे लेखी कळवावे.